विरलेली कॉलर

आनेकलहून इलेक्ट्रॉनिक सिटीला येणाऱ्या सकाळच्या बसमध्ये ती बाई रोज माझ्या कॉलरकडे बघायची. चेहऱ्याकडे नाही, कॉलरकडेच. शर्ट जुना होता, कॉलर विरून धागे आले होते. पण त्यात एवढं बघण्यासारखं काय, ते मला कळेना. एकदा मी फोनवर घरी मराठीत बोललो, तेव्हा तिनेच विचारलं, “अण्णा, बेळगावकडचे काय?” तीही तिकडचीच निघाली. मग मीही कॉलरचं विचारून टाकलं.

ती हसली. ती कपड्यांच्या कारखान्यात कामाला होती. ऑर्डर रद्द झाली की तयार माल बाहेर कुणी विकू नये म्हणून कापून टाकतात. ते काम तिच्याकडे. बोलतानाही तिची दोन बोटं कात्रीसारखी उघडमीट करत होती.

“नवे कोरे शर्ट कापते बघा दिवसभर. एकबी कुणाच्या अंगाला लागलेला नसतोय. तुमचा बघितला की बरं वाटतंय. घालून घालून फाटलाय.”

पुढच्या सोमवारी मी नवा शर्ट घालून गेलो. तिने कॉलर पाहिली आणि घरातल्या आजारी माणसाची चौकशी करावी तसं हळूच विचारलं, “तो कुठाय?”