पातळ कातडीची डिस्क

माझी धाकटी आत्या एकोणीस वर्षं सार्वजनिक वाचनालयाच्या तळघरात लोकांची घाण पुसत होती. झाडूवाली नव्हती ती. हुद्दा मोठा भारदस्त होता, दृक्‌श्राव्य सहायक. काम एवढंच, की सिनेमाच्या ज्या डिस्क लोक घरी नेत आणि परत आणून आदळत, त्या तपासायच्या, पुसायच्या, आणि ओरखडे पडले असतील तर मशीनवर घासून पुन्हा चालत्या करायच्या.

परत येणाऱ्या डिस्क मी डोळ्यांनी पाहिल्या आहेत. जॅम, तेलकट बोटं, कुत्र्याचे केस. एकदा चक्क चावल्याच्या खुणा होत्या, आणि त्या कुत्र्याच्या नव्हत्या. आत्या अशी एखादी डिस्क दोन बोटांत धरून दिव्याखाली फिरवायची. "ही बघ. हा माणूस टाय लावून येतो. मला रोज तब्येत विचारतो." मी हात मागे घ्यायचे. किळस तिलाही यायची, पण तिची किळस कामसू होती. हातमोजे चढवायची, कोमट पाण्यात फडकं पिळायची आणि मधून कडेकडे सरळ रेषेत पुसायची. गोल गोल पुसणाऱ्या माणसाशी ती बोलायचीसुद्धा नाही.

तिच्या मांडणीवर दोन पिढ्या शेजारी शेजारी नांदत होत्या: चार हजार जुन्या डीव्हीडी आणि एकशे बेचाळीस नव्या ब्लू-रे. "जुन्या अजून कशाला ठेवल्यात?" हा प्रश्न तिला आठवड्यातून दोनदा ऐकावा लागे, आणि विचारणाऱ्या प्रत्येक उंटावरच्या शहाण्याला वाटे, हे आपल्यालाच सुचलं.

"नवं मशीन जुनी डिस्क चालवतं," ती सांगायची. "जुनं मशीन नवी चालवत नाही. आणि जुनी मशीनं घराघरांत ठणठणीत आहेत, ती काय खिडकीतून फेकायची? शिवाय कितीतरी सिनेमे नव्यात आलेच नाहीत. खपतात तेवढेच कंपन्या परत परत विकतात. सिनेमा तोच, कव्हर नवं."

'जुनं ते सोनं' म्हणणाऱ्यांचाही तिला तितकाच राग होता. सोनं कसलं, म्हणायची, चालतंय म्हणून आहे.

सगळ्यात जास्त जुनी मशीनं होती समोरच्या वृद्धाश्रमात. चाळीस खोल्या आणि प्रत्येकीत एक जुना प्लेअर, कुणाच्या तरी मुलाने स्वतःला नवा घेतल्यावर आणून टाकलेला. आई आणि प्लेअर एकाच फेरीत पोचवले असतील मेल्यांनी. बारा नंबरच्या खोलीत माझी मोठी आत्या राहायची. तिला कुणी टाकलं नव्हतं. गुडघे गेले आणि आमच्या घराला तीन मजल्यांचे जिने, म्हणून ती आपणहून तिथे गेली. दर गुरुवारी धाकटी ढकलगाडीत साठेक डिस्क घालून रस्ता ओलांडायची, आणि मोठी सकाळपासून दाराकडे तोंड करून बसलेली असायची. गाडी बंद झाली, तर तिच्या आठवड्यात समोरच्या भिंतीखेरीज काही उरणार नव्हतं.

मग नवे ग्रंथपाल आले. सगळे त्यांना साहेब म्हणत. ते तळघरात नाकाला रुमाल लावून उतरले.

"बाई, हे जुनं सगळं महिनाअखेर भंगारात. फक्त नव्या ठेवायच्या. बाकी जागेत बैठकीची खोली करू."

आत्याने वृद्धाश्रमाचं सांगितलं. चाळीस खोल्या, चाळीस प्लेअर.

"घेतील की नवे," साहेब म्हणाले.

तिने पुन्हा सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी. बोलता बोलता त्यांनी एक ब्लू-रे उचलली, अंगठा थेट चकाकत्या बाजूवर दाबून. मग स्वतःच्याच अंगठ्याचा डाग पाहून त्यांनी नाक मुरडलं. "सोमवारी अध्यक्ष येतायत. तोवर या सगळ्या मशीनवर घालून चकाचक करा."

आता हे समजून घ्या. डीव्हीडीत सिनेमा असतो प्लॅस्टिकच्या जाडीच्या मधोमध, त्यामुळे वरून थोडं घासलं तरी त्याला धक्का लागत नाही. ब्लू-रेत तो असतो केसभर थराखाली. ती कातडी टणक असते, साध्यासुध्या ओरखड्याला दाद देत नाही, पण आत्याच्या घासायच्या मशीनवर एकदा घातली की डिस्क मेली.

आत्याने हेही सांगितलं. म्हणाली, ओल्या फडक्याने पुसून देते, मशीनवर नको.

"काम टाळायची ही नवी युक्ती का?"

"मग लेखी द्या."

आणि त्या शहाण्याने दिलं! सही, शिक्का, तारखेसकट.

शनिवारी वाचनालय बंद असतं. दुपारी मी आत्याला जेवण द्यायला गेले तर तळघरात मशीन घरघरत होतं आणि बाजूला नव्या डिस्कची रिकामी खोकी.

"अगं, तूच म्हणालीस ना, मरतात म्हणून?"

"लेखी हुकूम आहे."

"त्याला काय कळणार आहे? पुसून ठेव आणि घासल्या म्हणून सांग!"

"ते मला कळत नाही का?" वर न बघता ती म्हणाली.

तिने एक डिस्क काढली, कडेला धरून, तळव्याचा स्पर्श न होऊ देता, फुंकर घालून खोक्यात ठेवली. मेलेलीलासुद्धा नीट. मग दुसरी लावली. मला माझ्या आत्याची त्या दिवशी पहिल्यांदा भीती वाटली. जेवण तसंच ठेवून मी निघाले.

सोमवारी अध्यक्षांनी एक डिस्क हातात घेऊन तिच्यात आपलं तोंड पाहिलं आणि खूश झाले. आठवडाभरात लोक एकेक डिस्क परत आणू लागले. एकही चालत नव्हती. साहेब तळघरात धावत आले, या वेळी रुमालाशिवाय.

"बाई, तो कागद कुठाय?"

"जपून ठेवलाय."

"दुसऱ्या मागवायच्या तर या कशाने गेल्या ते लिहावं लागेल हो मला."

"कागद देते," आत्या म्हणाली. "जुन्या राहतील."

साहेबांना हसू फुटलं. "एवढंच ना? आधी सांगायचंत! आपण दोघं समजूतदार माणसं." त्यांनी हात पुढे केला. तो घामाने चिकट होता आणि आत्याने तो हातात घेतला. मग त्यांनी कागदाचे तुकडे केले आणि कंपनीने सदोष माल पाठवला असं वर कळवून टाकलं. चोर सोडून संन्याशाला फाशी. जुन्यांना हात लावायचा विषय संपला.

हे सगळं आत्याने मला स्वयंपाकघरात उभ्याने सांगितलं.

"त्या एकशे बेचाळीसमध्ये एकही खराब नव्हती गं," ती म्हणाली. "लोकांची घाण पुसायची किळस कधी ना कधी जाते. मला माझीच किळस येतेय. तो मूर्ख आहे, त्याला माहीत नव्हतं. मला माहीत होतं. आणि वर त्याला वाटतं, आम्ही एकाच माळेचे मणी."

मी म्हणाले, तू चाळीस खोल्यांसाठी केलंस. तिने नळ सोडला आणि साबणाने हात धुवायला घेतले.

गुरुवारी मी तिच्याबरोबर गेले. गाडी नेहमीसारखी भरलेली होती. मोठ्या आत्याने चार डिस्क काढून मांडीवर घेतल्या, एकेकीवर हात फिरवला.

"सगळ्या ठेवल्या म्हणे! त्या नव्या साहेबाला उगाच शिव्या देत होतो आपण. कसा आहे गं माणूस?"

धाकटी गाडीतल्या डिस्क सारख्या करत राहिली. मला वाटलं, आता सांगेल.

"चांगला आहे," ती म्हणाली.