फोन चांगला होता, ट्रायल चुकीची होती

टचस्क्रीन फोन यार्डात चालेल की नाही, हे सांगायचं काम माझ्याकडे आलं होतं. मी काय सांगितलं आणि त्याचं पुढे काय झालं, हे बोलायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. विषय निघाला की ‘यार्डात अपघात व्हायचेच’ म्हणून उठायचो. आता निवृत्त होऊन कामोठ्यात घरी बसलोय. झालं ते नीट सांगून टाकतो.

न्हावा शेव्याजवळच्या एका रिकाम्या कंटेनरच्या यार्डात मी ऑपरेशन्स मॅनेजर होतो. माल उतरवला की ट्रेलरवाले रिकामा कंटेनर आमच्याकडे आणून देतात. तो आत घेण्याआधी सर्वेअर तपासतो. पत्रा दबलाय का, भोक आहे का, दारं नीट लागतात का, हे बघून फोनवर नोंद करतो. आमचे फोन जुने, बटणांचे होते. दिसायला ठोकळे, पण हातमोजा घालून दाबता यायचे.

हेड ऑफिसला टचस्क्रीन हवे होते. जनरल मॅनेजर म्हणाले, “वापरून बघा आणि मीटिंगमध्ये फायदे-तोटे सांगा.”

मी जनार्दन घरतांना बरोबर घेतलं. ते उरणकडच्या गावातले, आमचे जुने सर्वेअर. ते कंटेनरभोवती फिरून ओरडायचे, “उजवा पत्रा, खाली डेंट!” मी बाजूला उभा राहून स्क्रीनवर बोट टेकवायचो. काम झरझर व्हायचं.

फायदे खरेच होते. कॅमेरा कंटेनरचा नंबर स्वतः वाचायचा. फोटो इतका स्वच्छ यायचा की ‘डेंट पहले से था’ म्हणणारे ड्रायव्हर गप्प व्हायचे. एक जण म्हणाला, “साब, पहले बोलना था ना, मैं भी बाल बना के खड़ा होता.” तोटे म्हणजे उन्हात स्क्रीन दिसायची नाही, घामेजलं बोट लागायचं नाही, आणि मोज्यातून तर काहीच व्हायचं नाही.

घरत म्हणाले, “साहेब, तुमी बाजूला हाय म्हनून बरा चाललाय. एकटा असलो तं मोजा कंदी काढू, दार कंदी वढू?”

“सवय होईल, घरत,” मी म्हणालो.

मीटिंगला हेड ऑफिसची तरुण मंडळी होती. वय झालेला माणूस नव्या गोष्टीला नाक मुरडतो, असं त्यांनी म्हणू नये, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मी फायदे रंगवून सांगितले.

“ग्लोव्हजचं काय?” जनरल मॅनेजरांनी विचारलं.

“काढून चालतो, सर.”

“म्हणजे चालतो!” सगळे हसले. मीही हसलो. फोन मंजूर झाले.

थोड्याच दिवसांत यार्डात नवी पद्धत पडली. डाव्या हातात मोजा, उजवा मोजा मागच्या खिशात. “क्या भाई, दूसरा धोने को डाला?” ड्रायव्हर चिडवायचे. मी हे रोज बघत होतो.

एका दुपारी गेटवर ट्रेलरची रांग होती. घरतांनी नोंद केली आणि त्याच उघड्या हातानं अडकलेलं दार खेचलं. दाराचा पत्रा कडेला फाटलेला होता. उजवा तळवा खोलवर कापला. कळंबोलीच्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं, पण दोन बोटं पुन्हा वळली नाहीत.

चौकशीत सेफ्टी ऑफिसरनं विचारलं, “मोजा का काढला?”

“फोन चालवाया.”

“मग दाराला हात लावण्याआधी परत का नाही घातला?”

“मागं रांग व्हती, साहेब. दर वेलेला घालू-काढू तं गारी हलंल कवा?”

ऑफिसर माझ्याकडे वळला. “ट्रायल तुम्ही घेतली होती ना? एकट्या माणसाला हे जमतं?”

घरत माझ्याकडे बघत होते. हात बँडेजमध्ये, मांडीवर ठेवलेला. मी ‘नाही’ म्हणालो असतो तर दोष फोनच्या निवडीवर, म्हणजे माझ्यावर आला असता.

“जमतं,” मी म्हणालो.

‘स्वतःचा निष्काळजीपणा’ असा निकाल लागला. घरतांचं सर्वेअरचं काम गेलं. त्यांना गेटवर दांडा वर-खाली करायला बसवलं. वर्षभरानं तेही सुटलं. चौकशीतून बाहेर पडताना ते मला एवढंच म्हणाले, “साहेब, ट्रायल आपन दोघांनी केली व्हती.”

पुढे मी प्रत्येक सर्वेअरसोबत नोंद करायला एक माणूस दिला. कारण विचारलं तेव्हा ‘काम लवकर उरकतं’ असं सांगितलं. वस्तू ज्याला वापरायची आहे, त्याला ती एकट्याला वापरू द्यावी आणि आपण लांब उभं राहून बघावं. ट्रायल म्हणजे एवढंच. मला ते उशिरा कळलं.

मागच्या महिन्यात घरतांच्या घरी गेलो. माफी मागायची, असं ठरवूनच गेलो होतो. त्यांनी ओटीवर खुर्ची दिली, वहिनींनी चहा आणला. घरत म्हणाले, “पोरगी सांगतंय नवा फोन घ्या. तुमाला त्यातला कलतं. कोनता घेऊ?”

हा टोमणा होता की साधा प्रश्न, ते मला अजून कळलेलं नाही. मी बोलत सुटलो. मोठी स्क्रीन वाचायला बरी, पण धरायला जड. बॅटरी टिकते, पण उन्हात तापते. ओलं बोट लागत नाही. एकही तोटा सोडला नाही.

निघताना दारात थांबलो. “घरत...”

“काय, साहेब?”

“काही नाही. डाव्या हातात नीट बसेल असाच घ्या.”