रिकाम्या ट्यूबमधली बुरशी

"पाणी कुणी भरलं?" मॅडमनी विचारलं. समोर जेलचा फोटो होता. जिथं काहीच दिसायला नको, तिथं ठळक पट्टी होती.

आमच्या बेळगावच्या लॅबमध्ये आम्ही रोपातली बुरशी शोधतो. तिचा डीएनए इतका थोडा असतो, की असा दिसत नाही. पीसीआर मशीन त्याच्या लाखो प्रती काढतं, मग जेलवर पट्टी उमटते. दर वेळी एका ट्यूबमध्ये नमुन्याऐवजी नुसतं पाणी घालायचं. ती ब्लँक. तिच्यात पट्टी आली, तर कुठूनतरी घाण शिरली. सगळाच निकाल रद्द.

नमुने निपाणीच्या एका आप्पांच्या तंबाखूच्या रोपांचे होते. त्यांचे फोनवर फोन. "सायेब, वाफे मोडू का ठेवू? लावणीचे दिवस चाललेत."

पाणी भरलं होतं शकूआक्कांनी, वडगावच्या आमच्या टेक्निशियन. मॅडमनी त्यांना पीसीआरवरून काढून काचसामान धुवायला लावलं. मी शेजारीच उभा होतो. गप्प राहिलो.

कारण चूक कुणाची, ते मला ठाऊक होतं. शनिवारी लॅबमध्ये पाळीनं डोसे होतात. पाळी माझी होती. आदल्या दिवशी कंग्राळीहून घरचं पीठ आणलं. पॅन्ट्रीचा फ्रीज बंद, म्हणून डबा केमिकलच्या फ्रीजमध्ये ठेवला. पीठ फुगून पीसीआरच्या पाण्याची बाटली असलेल्या रॅकवर सांडलं. मी पुसलं, आणि पाण्यात काही गेलं का बघायला त्याच ग्लोव्ह्जनी बाटली उघडली. आंबलेल्या पिठात यीस्ट असतं. तीही बुरशीच. डोसे मात्र लई चांगले झालते.

दोन दिवस मी आक्कांची नजर चुकवली. तिसऱ्या दिवशी दोघींसमोर सगळं सांगून टाकलं.

मॅडम मला म्हणाल्या, "पंधरा वर्षं झाली ना तुम्हाला या कामात?"

आक्का हसल्या. "मला ठाऊक हुतं. फ्रीज उघडला की आंबट वास येत हुता. म्हटलं, बघूया सायेब कधी बोलतात."

"मग तुम्ही का नाही सांगितलंत?" मॅडमनी त्यांना विचारलं.

"चार डोसे खाल्लते न्हवं मी."

नवं पाणी घेऊन आक्कांनीच पुन्हा पीसीआरचा रन लावला. ब्लँक स्वच्छ. पट्टी एकाच वाफ्यातल्या रोपांना. आप्पांनी तेवढाच वाफा मोडला, बाकीची लावण वेळेत झाली.

आक्का ते कधीच विसरल्या. मला काचसामानाचा आवाज आला की अजून ते दोन दिवस आठवतात. ब्लँकमध्ये पट्टी आली तर पाणी बदला, असं आमच्या मॅन्युअलमध्ये आहे. आधी तोंड उघडा, असं कुठं लिहिलेलं नाही.