दोन बटनांतला अर्ज

आमच्या ओढ्यावर पूल नाही, पाऊस लागला की पोरींची शाळा बुडते. म्हणून मी दर महिन्याला अर्ज देतो. परवा तहसील कचेरीबाहेरच्या टायपिंगवाल्या शालननं दोनच बटनं दाबली आणि माझा अख्खा अर्ज, नावगावासकट, पडद्यावर उमटला.

"आबा, तुमचा अर्ज मशीनला शिकवूनच ठेवलाय. किती वेळा बडवू तेच तेच?"

मी अक्षर अक्षर जुळवत वाचलं. 'विनंती' होतं, पण आधी 'नम्र' नव्हतं. पहिल्या खेपेला मीच भांडून ते काढायला लावलं होतं. कचेरीत माझं तोंडसुद्धा कुणाला आठवत नाही. इथं माझा ताठाही कुणीतरी जपून ठेवलाय.

"पोरी, आता एक आभाराचं पत्र टाइप कर," मी म्हणालो. "तुझ्याच नावे. त्यात मात्र 'नम्र' घाल."