जेवायचा हात, लिहायचा हात

माझी आत्या ज्या गोष्टीला घाबरत नाही, अशी गोष्ट नवी मुंबईत अजून बांधून व्हायची आहे. लिफ्टमध्ये शिरताना ती वॉचमनला सांगून शिरते, "मी चढतेय हं, लक्ष असू द्या." कुकर शिट्टीच्या बेतात आला की ती गॅलरीत जाते आणि शिट्टी होऊन गेली की आत येऊन "झाली ना रे एकदाची?" असं विचारते. मॉलमधल्या सरकत्या जिन्यापुढे ती एकदा इतका वेळ उभी राहिली की मागे रांग लागली. गार्ड धावत आला, तर त्यालाच म्हणाली, "दादा, जरा थांबवा की याला. मी चढते, मग करा चालू." रस्ता ओलांडणं हा तर तिचा अर्ध्या दिवसाचा कार्यक्रम. माणसांचा सिग्नल हिरवा झाला तरी ही फुटपाथवरच. का, तर आपण बघितलं तेव्हा तो आधीच हिरवा होता, कधीपासून हिरवा आहे देव जाणे, आपण मध्यावर पोचायचो आणि हा लाल व्हायचा. म्हणून तो जाऊ द्यायचा, पुन्हा लाल होऊ द्यायचा आणि मग जो नवाकोरा हिरवा लागेल त्यात निघायचं. याला ती 'ताजा हिरवा' म्हणते. नेरूळच्या बाजारात भाजीसुद्धा ती इतकी ताजी बघून घेत नाही.

अशा बाईने साठीला टेकल्यावर गाडी शिकायला घेतली, हे ऐकून आमच्या घरात आधी सगळे हसले आणि मग एकेक करून गप्प झाले. कारण आतोबा. माझे आतोबा म्हणजे शांत, हसरा, गोडखाऊ माणूस. गोडाने शेवटी डोळ्यांवर घाला घातला. दिसायचं कमी झालं तरी त्यांनी कोणाला सांगितलं नाही. पुढच्या गाडीचे लाल दिवे बघून थांबायचं आणि ते विझले की निघायचं, असं त्यांनी किती दिवस चालवलं कोण जाणे. एकदा पाम बीच रस्त्यावर पुढे गाडीच नव्हती, तेव्हा आत्याच्या किंकाळीवर ते थांबले. त्या दिवशी आत्याने गाडीची किल्ली तूरडाळीच्या डब्यात खोल पुरली. त्यावर डॉक्टरांनी हृदयाचंही काहीतरी काढलं आणि बजावलं, "छातीत दुखलं की वाट बघत बसू नका, लगेच घेऊन या." आणि एका दुपारी दुखलंच. मी तळोज्याला कामावर. आत्याने आतोबांना खाली आणून वॉचमनच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवलं आणि स्वतः गेटबाहेर रिक्षाला हात करत उभी राहिली. एक थांबेना. कोणाला जेवायला जायचं होतं, कोणाला जवळचं भाडं नको होतं. शेवटी वरच्या मजल्यावरचे कोणीतरी आले आणि त्यांनी नेलं, निभावलं. पण त्या खुर्चीत घामाने थबथबलेले आतोबा बसलेत आणि आपण रस्त्याकडे बघत उभ्या आहोत, हे तिच्या डोळ्यांसमोरून जाईना. गाडीची भीती वाटतच होती हो, पण त्या खुर्चीची जास्त वाटायला लागली. दुसऱ्याच आठवड्यात तिने डबा उपसून किल्ली काढली आणि मला म्हणाली, "शिकव. आणि ओरडलास तर याद राख."

आता इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. माझी आत्या डावखुरी. भाजी चिरणं, पोळ्या लाटणं, लिहिणं आणि लहानपणी मला धपाटे घालणं, सगळं डाव्या हाताने. पण आपल्याकडे डाव्या हाताने जेवलेलं कोणाला चालतं? तेव्हा घरच्यांनी दटावून दटावून जेवायला तिला उजवा हात लावला. "जेवतेस तो उजवा" हे घरी पाठ झालं. पुढे शाळेत बाईंनी सगळ्या वर्गाला शिकवलं, "लिहिता तो उजवा." आत्या आज्ञाधारक. तिने दोन्ही ऐकलं. परिणाम असा, की तिला मनातून दोन उजवे हात आहेत. कोणी घाईने "उजवीकडे" म्हटलं की दोन्ही हात एकदम उठतात, आणि उठतात तेव्हा अर्थातच स्टिअरिंगवर एकही नसतो.

हे मला कळलं ते सेक्टरातल्या एका रिकाम्या रस्त्यावर, झाडावर गाडी जाता जाता. माझ्या पायाखाली ब्रेक नव्हता, तरी मी तो इतक्या जोराने दाबला की संध्याकाळपर्यंत पोटरी दुखत होती. मी वर्षानुवर्षं गाडी चालवतोय, पण खरा घाम मला त्या डावीकडच्या सीटवर फुटला. "आत्या, उजवीकडे म्हणालो ना मी!" तर ही माझ्यावरच उखडली, "मग मी काय केलं मेल्या? उजवीकडेच घेतली की!" मागच्या सीटवर आतोबा बसलेले. त्यांना झाड दिसलं नव्हतं, म्हणून एकटे तेच तेवढे ताळ्यावर होते. पुढे वाकून हळूच म्हणाले, "अगं, जेवायचा हात." आणि काय सांगू, आत्याने शहाण्यासारखी गाडी उजवीकडे घेतली. बायकोच्या डोक्यातला हा गुंता त्यांना लग्नापासून ठाऊक होता. त्यांच्या घरात डावं-उजवं कधी नव्हतंच. जेवायचा हात आणि लिहायचा हात, बस्स.

तेव्हापासून वाहतुकीचे सगळे नियम आतोबांनी तिला या भाषेत पढवले. संध्याकाळी दिवे लागले की गॅलरीत दोघांची शाळा भरायची. "कुठल्या बाजूने चालवायची?" "लिहायच्या." "पुढच्याला ओलांडायचं झालं तर?" "जेवायच्या बाजूने. पण आपण कशाला ओलांडतोय कोणाला? जाऊ देत की पुढे." "गोल चौकात?" "जेवायच्या हाताकडून जो येईल त्याला आधी जाऊ द्यायचं." "आणि पिवळा लागला तर?" "थांबायचं." "अगदी रेषेवर पोचली असशील आणि मागे ट्रक असेल तर?" इथे आत्या रडकुंडीला यायची. "अहो, मागे ट्रक कशाला आणताय उगाच?"

माझ्या पोटरीचा विचार करून मी तिला ड्रायव्हिंग स्कूलमध्ये घातलं. शिकवणारा नेरूळला लागूनच्या शिरवणे गावातला, आगरी बोलणारा. आवाज असा की क्लासच्या गाडीला हॉर्नची गरज नसावी. पहिल्या दिवशी आत्या गाडीत बसली, पट्टा लावला, आरसे पुसले, देवाचं नाव घेतलं आणि ब्रेकवर जो पाय ठेवला तो काढेचना. "मावशी, गारी उभी हाय," तो म्हणाला. "उभ्या गारीला कोन घाबरतं?" आत्या म्हणाली, "चालायला लागली तर?" मात्र गडी जिद्दीचा निघाला. त्याने आमची भाषा महिनाभरात उचलली, इतकी की त्याच्या तोंडात तीच बसली. मग एका कॉलेजच्या मुलीला तो सवयीने ओरडला, "लिवाचा हात! लिवाचा हात!" ती बिचारी लिहिते उजव्याने. तिने मन लावून उजवीकडे घेतली ती थेट नर्सरीवाल्याच्या कुंड्यांत. संध्याकाळी तो सोसायटीत येऊन आत्यापुढे हात जोडून उभा राहिला, "मावशी, तुमी पास व्हा आनि मला सोरा."

पास होणं सोपं नव्हतं. परीक्षेच्या दिवशी शेजारी बसलेले साहेब म्हणाले, "पुढे जाऊन लेफ्ट घ्या." आत्याने इंडिकेटर न लावता गाडीच कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि अदबीने विचारलं, "साहेब, जेवायचा की लिहायचा?" साहेब म्हणाले, "मॅडम, माझं जेवण झालंय." झालं, नापास. घरी आल्यावर ती दार लावून बसली. नापास झाल्याचं दुःख नव्हतं तिला. "आता पुन्हा तारीख मिळेपर्यंत यांचं काही झालं तर?" एवढंच ती आतून म्हणत होती. बाहेर आतोबा सोफ्यावर बसून दाराच्या दिशेने बघत होते. त्यांना दार कितपत दिसत होतं, मला ठाऊक नाही.

उपाय पुन्हा आतोबांनीच काढला. दुसऱ्या परीक्षेच्या सकाळी त्यांनी तिला भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी खायला घातली आणि हात नुसत्या पाण्याने धुवायला लावला. "साहेब राइट म्हणाले की वास येतो तो हात. लेफ्ट म्हणाले की दुसरा. विचारू नकोस, हुंग." आत्याने प्रत्येक वळणाआधी उजवा हात नाकाशी नेला, हुंगला, इंडिकेटर लावला, आरसा बघितला आणि वळली. साहेबांना वाटलं बाई नमस्कार करतेय. श्रद्धाळू आहे, जपून चालवेल, असा हिशोब त्यांनी केला असावा, कारण पास केलं. तिची ती सवय मात्र गेली नाही. उजवीकडे वळायचं की हात तोंडाशी जातो, घास घेतल्यासारखा. सिग्नलवर शेजारच्या रिक्षातली माणसं बघत बसतात.

लायसन्स आलं आणि नेरूळच्या रस्त्यावर एक जोडी फिरायला लागली, जिच्यातल्या एकाला दिसत नव्हतं आणि दुसरीला डावं-उजवं कळत नव्हतं. मागे बसायची पाळी आली की माझा जीव टांगणीला. आतोबा पुढे शेजारी, पट्टा लावून, डोळे मिटून. रस्ते त्यांच्या अंगात होते. स्पीडब्रेकरचा दणका, पुलाचा चढ, मासळीबाजाराचा वास, यावरून त्यांना बरोब्बर कळायचं. "आता शाळा येईल, हळू कर. हं, पुढे लिहायचा हात." आणि गाडी वळायची. मागून हॉर्न वाजवणाऱ्यांना आत्या खिडकीतून सांगायची, "जा बाबा तू पुढे, तुझ्या घरी पण कोणीतरी वाट बघत असेल!"

आणि मग तो रविवार आला. भर दुपार, मे महिना. आत्याचा फोन, "दुखतंय त्यांना." एवढंच. मी दोन गल्ल्या सोडून राहतो, धावत गेलो, तर गाडी गेटपाशी, आतोबा पुढे बसलेले, पट्टा लावलेला, चेहरा पांढराफटक. "आत्या, ऊठ, मी घेतो," मी म्हणालो. तिने माझ्याकडे बघितलंही नाही. "हात बघ तुझे," म्हणाली. माझे हात लटलटा कापत होते. तिचे स्टिअरिंगवर होते, गप्प. मी मागे बसलो, गाडी निघाली आणि पहिलं वळण आलं. "आत्या, डावीकडे! डावीकडे!" मी केकाटलो. डावा कुठला, या गोंधळात ती पडणार तेवढ्यात आतोबा कण्हतच म्हणाले, "लिहायचा, अगं." गाडी वळली.

हॉस्पिटलच्या अलीकडच्या चौकात लाल सिग्नल लागला आणि आत्या थांबली. पांढऱ्या रेषेच्या आत, नेमकी. चौकात कुत्रंही नव्हतं. उन्हाने डांबर चमकत होतं आणि समोर हॉस्पिटलची पाटी दिसत होती. "जा ना! आत्या, कोणी नाहीये, काढ गाडी!" मी ओरडत होतो, सीटवर बुक्क्या मारत होतो. "लाल आहे," ती म्हणाली. आवाज एवढासा. गालांवरून पाणी वाहत होतं, पण पाय ब्रेकवर. मला त्या क्षणी तिचा इतका राग आला, इतका राग आला की काय सांगू. आतोबांनी छातीवरचा हात काढून मागे केला, माझा गुडघा चाचपडला आणि थोपटला. "थांबू दे रे तिला," म्हणाले. "ती थांबली तरच पोचेल." मी शपथेवर सांगतो, त्या चौकातून तेवढ्या वेळात सायकलसुद्धा गेली नाही. मग हिरवा लागला. ताजा. आत्याने उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं, हात तोंडाशी नेला आणि गाडी आत घातली. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत.

त्यानंतर आतोबा बऱ्यापैकी जगले, रोज संध्याकाळी गाडीतून फिरले, पुढे बसून डोळे मिटून रस्ता सांगत राहिले. गेले ते गेल्या साली, पहाटे, झोपेत. आत्या चहा घेऊन उठवायला गेली तेव्हा कळलं. गाडी काढायची वेळच आली नाही. तेरावा झाल्यावर ती माझ्यापाशी बसली होती, किल्ली हातात धरून. म्हणाली, "एवढी जिवाच्या भीतीने शिकले रे मी. आणि निघताना सांगितलंसुद्धा नाही यांनी, कुठल्या हाताला."

मला वाटलं, किल्ली आता पुन्हा डाळीच्या डब्यात जाणार. तसं झालं नाही. परवा तिच्याबरोबर बाजारात निघालो, शेजारच्या सीटवर. बाजाराचा रस्ता तिला झोपेतही सापडेल. तरी वळणाच्या आधी तिने गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि समोर बघत बसली. मला कळेना. माझा पाय सवयीने नसलेल्या ब्रेकवर गेला होता.

"काय झालं, आत्या?"

"सांग ना," ती म्हणाली.

"काय सांगू? उजवी..." आणि मी थांबलो. मागून कोणीतरी हॉर्न वाजवत होतं. ती वाट बघत होती.

"जेवायचा हात, आत्या," मी म्हणालो.

"हं," ती म्हणाली. हात तोंडाशी गेला आणि जरा वेळ तिथेच राहिला. मग तिने इंडिकेटर लावला, आरशात बघितलं आणि बरोबर वळली.