गावच्या पिक्चरमधली पहिली बाई

हिंगोलीकडच्या आमच्या गोरेगावात मोबाईलवर पिक्चर काढायला सुरुवात झाली तेव्हा त्यातल्या बायका पुरुषच व्हायचे. तिघं मित्र होते. एक जीप चालवायचा, दुसऱ्याचं झेरॉक्सचं दुकान होतं, तिसरा बी.ए. करून घरी बसलेला. तोच गोष्ट लिहायचा आणि मोबाईलही तोच धरायचा. बायकोचं काम जीपवाल्याकडे. मिशी काढायची त्याची तयारी नव्हती, म्हणून तो पदर नाकापर्यंत ओढून घ्यायचा.

माझं शिवणकामाचं दुकान झेरॉक्सच्या शेजारी. साडी-ब्लाऊज मागायला ते माझ्याकडेच येत. एका दुपारी दुकानासमोरच्या रस्त्यावर त्यांचं काम चाललं होतं. शेतातून गवताचा भारा घेऊन येणारी बाई दाखवायची होती. जीपवाला भारा डोक्यावर घेऊन कंबर अशी हलवत होता की पाहणारे पोट धरून हसत होते. मला हसू आलं नाही. मी मशीनवरून उठून बाहेर गेले आणि त्यांना म्हणाले, डोक्यावर ओझं असलेली बाई अशी चालत न्हाई, मान मोडंल तिची.

लिहिणारा म्हणाला, "मग तुमीच दाखवा ना, वहिनी."

मी चुंबळ केली, भारा उचलला आणि चावडीच्या वळणापर्यंत जाऊन परत आले. माझं माहेर पुसेगावकडचं. वडलांची मेंढरं होती आणि थोडी कोरडवाहू जमीन. लहानपणी मी इतकं चालले आहे की चालायला मला कुणी शिकवायची गरज नव्हती. मला वाटलं, ते नुसते बघताहेत. परत आल्यावर कळलं, त्यानं सगळं मोबाईलमध्ये घेतलं होतं. पोरगा सरळ मनाचा. पहिल्यांदा मलाच दाखवलं आणि विचारलं, ठेवू की पुसून टाकू?

मी सांगते म्हणाले आणि आत जाऊन दोन ब्लाऊज शिवले. मग बाहेर येऊन म्हणाले, ठेव. पुढच्या वेळी मला बोलायलाही दे.

तेव्हा माझं वय अडतीस.

वर्षभरात सहा-सात पिक्चर झाले. दारू पिऊन येणाऱ्या नवऱ्याला जेवायला न वाढणारी बायको मी केली, ती लोकांनी उचलून धरली. सेनगावहून बायका ब्लाऊज शिवायच्या निमित्तानं मला बघायला येऊ लागल्या. नेटवर टाकलेल्या पिक्चरच्या खाली लोक काहीबाही लिहायचे, त्यात घाणही असायची. हिंगोलीला कॉलेजात शिकणारी माझी मुलगी ती पुसून टाकायची. मी तिला म्हटलं, पुसू नकोस, मला वाचू दे. एकदा घाण वाक्य लिहिणाऱ्याचा फोटो ओळखीचा निघाला. त्याच्या बायकोचे ब्लाऊज मीच शिवायची. ती पुढच्या वेळी आली तेव्हा मी मोबाईल तिच्या हातात दिला आणि टेप घेऊन माप लिहीत राहिले. दुसऱ्या दिवशी ते वाक्य तिथं नव्हतं.

मग माझे भासरे आले. नवऱ्याचे थोरले भाऊ. ते हळद विकायला हिंगोलीच्या मोंढ्यात गेले होते. तिथं कुणी तरी माझा पिक्चर त्यांच्यापुढे धरला आणि विचारलं, ही तुमचीच भावजय ना? ते तिथून तसेच आमच्या घरी आले आणि ओसरीवर बसले.

आमच्याकडे भासऱ्यांशी बोलत नाहीत. लग्नाला अठरा वर्षं झाली होती, मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नव्हते. काही विचारायचं तर सासू नाही तर जाऊ मध्ये असायची. मी आत भाकरी थापत होते. ते नवऱ्याला म्हणाले की मोंढ्यात मान खाली घालायची वेळ आली, हे आता बंद झालं पाहिजे. आणि मग म्हणाले, "तिला सांग."

मी तव्यावरची भाकरी उतरवली, हात पुसले, डोक्यावर पदर घेतला आणि दारात जाऊन उभी राहिले.

"दादा, मला सांगा. मी इथंच हाय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. नवऱ्याला म्हणाले, "तू हिला आवरून राहिला का न्हाई?"

माझा नवरा कमी बोलणारा माणूस. मी चौकट सोडली नाही. तो खाली बघूनच म्हणाला, "ती बोलून राहिली ना दादा. तिलाच इचारा."

माझ्या बाजूनं तो आजवर एवढंच बोलला आहे. मला याहून जास्त हवं होतं, हेही सांगून टाकते. पण त्या दिवशी तेवढ्यावर निभावलं. भासरे उठले, चपला घातल्या आणि गेले. त्यानंतर त्यांनी आमच्या घरचं पाणी घेतलेलं नाही.

त्याच महिन्यात मुलीनं एक जाहिरात आणली. हिंगोलीत एका मंगल कार्यालयात लग्न झालेल्या बायकांसाठी सौंदर्यस्पर्धा होती. एरवी मी तो कागद घडी करून ठेवला असता. खरं सांगते, भासऱ्यांचा राग आला नसता तर मी अर्ज भरला नसता. अर्जात उंची, वजन आणि रंग लिहायचा होता. रंगापुढे मी लिहिलं, आहे तो.

तिथं आम्ही तीसेक जणी होतो. डॉक्टरांच्या बायका, शिक्षिका, पार्लर चालवणाऱ्या. आरशासमोर बसवून एका बाईनं माझ्या तोंडाला रंग लावला. डोळे उघडून पाहते तर कपाळावरचं गोंदण गायब. ती म्हणाली, स्टेजवर ते बरं दिसत नाही, ताई. मी पदराचं टोक ओलं करून कपाळ घासलं आणि तिला म्हणाले, "झाकायचं असतं तर आईनं कपाळावर कशाला काढून घेतलं असतं?" ती वरमली. मला तिचा राग नव्हता, तिला तसंच शिकवलं होतं.

नऊवारी नेसून चालायच्या फेरीत मला टाळ्या पडल्या. मग प्रश्न. सगळ्यांना एकच प्रश्न होता, तुमच्या यशाचं श्रेय कोणाला? माझ्या आधीच्या सगळ्या जणींनी नवऱ्याला आणि सासू-सासऱ्यांना दिलं. एकीला तर रडू आलं. माझ्या हातात माईक आला तेव्हा ओसरीवरची ती संध्याकाळ आठवली.

"मला," मी म्हणाले.

विचारणारी हसली आणि पुढचं ऐकायला थांबली. पुढं काही नव्हतं. मी माईक परत दिला.

नंबर आला नाही. जेवणाच्या रांगेत एक परीक्षक बाई माझ्यामागे होत्या. त्या हळूच म्हणाल्या की मिस्टरांबद्दल दोन शब्द बोलला असता तर तिसरा नंबर तुमचाच होता. मी त्यांना म्हणाले, बरं झालं बोलले नाही ते. त्यांना हे लागलं असावं, पण त्यांनी माझ्या ताटात जिलबी वाढली आणि आम्ही दोघी एकाच टेबलावर जेवलो. जीपनं गोरेगावला परतताना मुलगी सारखी माझ्या तोंडाकडे बघत होती. तिला वाटत होतं मी रुसले असेन. मी तिला म्हटलं, पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज भरू.

भरला. तेव्हाही नंबर आला नाही.

या सगळ्याची किंमत मी मोजते आहे. भासऱ्यांच्या घरच्या हळदी-कुंकवाला मला बोलावणं येत नाही. शेतातून काढलेली हळद शिजवायचा मोठा कुकर त्यांच्याकडे आहे. गल्लीतल्या सगळ्यांची हळद शिजली की मग आमची पाळी. मी थांबते. चार दिवस थांबून हळद काही नासत नाही.

आता आमच्या पिक्चरमध्ये माझ्याशिवाय तिघी काम करतात. एक सून आहे, सासूला सांगून येते. दुसरी न सांगता येते. जीपवाल्याला बायकोचं काम उरलं नाही, आता तो खलनायक करतो आणि मिशीला पीळ देतो.

नव्या गोष्टीत मी सरपंच आहे. लिहिणाऱ्यानं आधी असं लिहिलं होतं की सरपंचबाई नवरा सांगेल तिथं सही करते आणि शेवटी तिचे डोळे उघडतात. मी त्याला म्हटलं, तिचे डोळे पहिल्यापासून उघडे ठेव. पुढं काय होतं ते बघ. तो दोन दिवस भांडला, मग कागद फाडून पुन्हा लिहायला बसला. आमच्या गल्लीतल्या एकानं शूटिंगला घर देतो म्हणून ऐनवेळी नाही म्हटलं. शिरड शहापूरच्या एका बाईनं फोन करून स्वतःचं दिलं. सोमवारी सकाळच्या जीपनं आम्ही सगळे तिकडे निघणार आहोत. सरपंचबाईच्या सगळ्या सह्या मीच करणार आहे.