आत्याचं आधण

"सरका! सरका हो, आधण येतंय!"

आत्या मागच्या दारात उभी. दोन फडक्यांत धरलेलं पितळी तपेलं, त्यात रटरटणारं पाणी, आणि परसात माणूस सोडा, मांजरसुद्धा नाही. ठाण्याच्या कचेरीत उमेदवारी करायला म्हणून मी तिच्या घरी राहायला आलो, त्याच दिवसाची ही गोष्ट. कोणाचा तरी जीव जातोय अशा समजुतीने मी जेवणाच्या पाटावरून उठून धावलो. आत्याने माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तिने तपेलं उपडं केलं, वाफेचा लोट उठला, आणि तो विरेपर्यंत ती मान किंचित कलती करून तशीच उभी राहिली. कोणाला प्रश्न विचारावा आणि उत्तराची वाट पाहावी, तशी. मग आत येऊन म्हणाली, "जेवता जेवता उठू नये रे. बैस."

माझ्या वडिलांची ही थोरली बहीण. हिने ज्याच्यावर कढत पाणी ओतलं नाही असा पदार्थ ब्रह्मदेवाने अजून घडवलेला नाही, हे मी खाडीच्या पाण्यात उभा राहून सांगायला तयार आहे. बदामाची सालं कढत पाण्याने सुटतात हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. आत्याचे बदाम तपेलं नुसतं दिसलं की आपण होऊन अंगरखे उतरवून बसत. मोड आलेले वाल तिच्या पाण्यात पडले की बिरडं असं सुटायचं की सोलायला बसलेल्या बायकांना गप्पांना वेळ पुरत नसे. लोणच्याच्या बरण्या, दुधाची सटं, ताकाची रवी, नवी मडकी, पोळपाट, सगळ्यांना उकळत्या पाण्याची आंघोळ. त्याशिवाय घरात प्रवेश नाही. तिचं लोणचं तीन पावसाळे टिकायचं आणि चौथ्या पावसाळ्यात बरणीलाच कंटाळा यायचा. आणि ढेकूण! दर अमावास्येला बाजा परसात उभ्या करून सांध्यासांध्यांतून ती आधण सोडायची. आमचे ढेकूण शेवटी बिऱ्हाड उचलून कोलशेतला गेले, आणि तिकडच्या ढेकणांना संध्याकाळी एकत्र बसवून आत्याच्या गोष्टी सांगत असत, असं तिकडून आलेल्या एका मिठागरवाल्याने मला सांगितलं. तो खोटं बोलणारा माणूस नव्हता; निदान मीठ विकताना नव्हता.

एका गोष्टीचा मात्र तिला मनापासून तिटकारा होता, ती म्हणजे विसण. आंघोळीच्या कढत पाण्यात कोणी गार पाणी मिसळायला मागितलं की ती म्हणे, "मग चूल कशाला पेटवली? तलावावर जा." मी त्या घरात दोन वर्षं आंघोळ केली. माझा मूळ वर्ण सावळा होता असं आई सांगते.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. ते परस तेवढं नेता येत नसे. मागच्या दाराशी एक बसका दगड होता, आणि त्या दगडापुढेच ती नेहमी पाणी ओतायची. ओतण्याआधी दर वेळी तीच हाक. आळीतल्या कुत्र्यांना ती इतकी पाठ झाली होती की साहेबाच्या गाडीपुढे शिपाई "सरका" म्हणून ओरडला की माणसं जागची हलत नसत, पण ठाण्यातली यच्चयावत कुत्री शेपूट घालून पळत. त्या दगडावर मात्र कुत्रं बसलेलं मी कधी पाहिलं नाही. कावळाही नाही. भर उन्हाळ्यात सबंध परस तापलेलं असताना तो दगड, नुकतंच कोणी उठून गेल्यासारखा, अंगाएवढाच कोमट असे. आणि आता जे सांगतो ते शपथेवर सांगतो. माझ्या शपथेला काय भाव आहे हे ठाऊक असूनही सांगतो. पाणी ओतल्यावर दगडापुढची सगळी जमीन काळी भिजून जाई, आणि मधोमध दोन ठिकाणं कोरडी राहत. लांबट. शेजारी शेजारी. टाचेकडे निमुळती.

बाळकुमहून एक बाई टोपलीत वाल घेऊन यायची. एकदा हाक ऐकून ती हसली, "कोनाला सांगतंस गो आत्याबाय? हितं कोन हाय?" आत्याने पाणी ओतलं. बाईने खाली पाहिलं, टोपली डोक्यावर घेतली, आणि त्या दिवसापासून ती पुढच्या दारानेच आली. पुढच्या दारानेच म्हणजे रस्त्याच्या पलीकडे उभी राहून तिथूनच वाल किती ते विचारायची.

मी एकदा धीर करून आत्याला विचारलं. आम्ही दोघं वाल सोलत बसलो होतो.

"कोण असतं गं तिथे?"

"कोण असणार? हे," ती म्हणाली. जसं काही मी मूर्खासारखं विचारलं होतं.

'हे' म्हणजे आमचे आतोबा. मी त्यांना पाहिलेलं नाही. माझ्या जन्माआधीच ते पटकीने गेले. जेवण झालं की त्या दगडावर पाय पसरून सुपारी कातरत बसायचे आणि आत्याची हाक आली की पाय वर घ्यायचे. "सरकलो" एवढंच म्हणायचे. घरात दिवसभरात बोलायचे ते तेवढंच. एक दिवस त्यांनी आंघोळीला विसण मागितलं. आत्याने दिलं नाही. ते म्हणाले, "तू एक दिवस माणूस शिजवशील." झालं. आत्याने अबोला धरला. आणि अबोला धरावा तर आमच्या घराण्यातल्या माणसांनी! आत्या भिंतीला सांगायची, "भिंती गं, पान वाढलंय म्हणावं." ते खांबाला सांगायचे, "खांबा, मीठ कमी आहे म्हणावं." घर कसं सुरळीत चाललं होतं.

"पण परसात भिंत नव्हती रे," आत्या म्हणाली. "खांबही नव्हता. सांगू कोणाला? मला वाटलं, तपेलं दिसेल, सरकतील."

ते सुपारीकडे बघत होते. पाणी पायांवर गेलं. आणि तेही अबोल्याचे असे पक्के की पाय वर घेतले, तोंडातून हूं नाही की चूं नाही. आत्याने लोणी आणलं, कोरफड आणली, पाय मांडीवर घेऊन लावलं. दोघं एकमेकांशी अक्षर बोलली नाहीत. त्याच महिन्यात आळीत पटकी आली. फोड बसायच्या आत ते गेले.

"मी माझं बोलणं सुरू केलंय," आत्या वालाची सालं गोळा करत म्हणाली. "इतकी वर्षं रोज बोलतेय. आता पाळी त्यांची."

तेव्हा मला कळलं, पाणी ओतल्यावर ती मान कलती करून काय ऐकत असते ते.

पुढे माझी नेमणूक कल्याणला झाली. आत्याचे हात थरथरू लागले होते. कढत्या तपेल्यासह तिला एकटं ठेवणं शक्य नव्हतं. वडील तिला आमच्या कल्याणच्या बिऱ्हाडी न्यायला आले. ती खांबाला मिठी मारून बसली नाही, रडली नाही, एकच म्हणाली, "घरात कोणीतरी ठेवा. ओरडणारं." म्हणून मग भाडेकरू पारखायला सुरुवात झाली, आणि ती पारख तिने स्वतः केली. शाळेतले एक मास्तर आले. ते म्हणाले, "बाई, मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही." आत्या म्हणाली, "भूत कोण म्हणतंय? आमचे हे आहेत." मास्तरांचा विश्वास बसला नाही, पण जाताना त्यांनी परसाकडे पाठ केली नाही. दुसरे गृहस्थ गाणारे निघाले, त्यांनी 'सरका'तल्या 'र'वर अशी तान घेतली की आत्या म्हणाली, "तुमची तान संपेस्तोवर यांचे पाय शिजतील." तिसरे फार सभ्य, "जरा सरकता का" असं पुटपुटले. "यांना डाव्या कानाने कमी ऐकू येतं," म्हणून आत्याने त्यांनाही वाटेला लावलं.

शेवटी स्टेशनातल्या तारमास्तरांची बायको आली. रत्नागिरीकडची, उंच, कमी बोलणारी. सगळं ऐकून घेतलं. मग तिने एवढंच विचारलं, "पाय कुठल्या बाजूला करून बसतात?"

आत्याने तिच्या हातात तपेलं दिलं.

कल्याणला आत्या निवली. दुसरा शब्द मला सापडत नाही. बदाम सोलायचे तर ती म्हणे, "भिजत घाला, सुटतील सकाळपर्यंत." बाजा तशाच राहिल्या, कोलशेतचे ढेकूण निरोप मिळताच कल्याणला आले. दुपारच्या जेवणानंतर मात्र ती मागच्या दारात जाऊन बसायची, ठाण्याच्या दिशेला मान कलती करून. "ती ओरडत असेल ना रे?" विचारायची. मी म्हणायचो, ओरडत असेल. "उत्तर आलं तर सांगेल ना?" मी म्हणायचो, सांगेल.

एका सकाळी तिने आंघोळीला विसण मागितलं. आईच्या हातातला तांब्या पडला. आत्याने गार पाणी स्वतः मिसळलं, बोट घालून पाहिलं, आणखी थोडं मिसळलं, आणि सावकाश आंघोळ केली. दुपारी जेवून पडली ती उठली नाही.

तिसऱ्या दिवशी मी गाडीने ठाण्याला गेलो. तारमास्तरांच्या बायकोला सांगायला हवं होतं. तार करावी तर ती त्यांच्याच हातात पडायची, आणि ते बरं दिसलं नसतं. पुढचं दार उघडंच होतं. घरातून आधणाचा वास येत होता, धुराचा आणि तापल्या पितळेचा. मी हाक मारणार तोच मागून ओरडणं ऐकू आलं.

"सरका हो, आधण येतंय!"

मग थोडं थांबून, आणखी मोठ्याने, "अहो, सरका!"

मग पाणी ओतल्याचा आवाज. मी मागच्या दारात गेलो तेव्हा वाफ अजून खाली बसली नव्हती. आत्याचं सांगायच्या आधी मी विचारलं, "दोनदा का ओरडलात?"

तिने तपेलं उपडं घातलं, हात पुसले.

"परवापासून दोनदा ओरडावं लागतं," ती म्हणाली. "बोलत बसलेली असतात. पहिल्या हाकेला ऐकू जात नाही."